कवडशात सूर्य असतो!

कौल सरकलेल्या छपरातून भर दुपारी सारवलेल्या जमिनीवर पडणारा कवडसा आठवतो? वरची फट वाकडीतिकडी, कवडसा मात्र गोल. ऊन तिरपं असलं तर जरा लांबट, एवढंच. कारण तो फटीचा आकार नसतोच मुळी, ती सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणात याच कवडशांच्या कोरी होतात. आंब्याखाली तर शेकड्यांनी सांडतात. भिंग नाही, फिल्म नाही, घरबसल्या फुकटचा कॅमेरा! हिशेबही मजेदार आहे. सूर्य त्याच्या व्यासाच्या साधारण १०८ पट अंतरावर आहे, त्यामुळे बारीक भोकापासून तीन मीटरवरचा कवडसा पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरतो. जपमाळेचे मणीही १०८. निव्वळ योगायोग, पण व्हॉट्सॲपच्या ग्रुपला सांगू नका.

अशी प्रतिमा कायमची पकडून ठेवायला १८२६-२७ साल उजाडलं. फ्रान्समध्ये निसेफोर निएप्सने पत्र्याला डांबर फासून खिडकीबाहेरचं दृश्य टिपलं. त्याला इतका वेळ लागला की तोवर सूर्य या बाजूचा त्या बाजूला गेला आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंती उन्हात दिसू लागल्या.

१८३८ मध्ये दागेरने पॅरिसचा एक गजबजलेला रस्ता टिपला. फोटोत रस्ता ओस! प्लेटवर उजेड काही मिनिटं पडत राहिला, तेवढ्यात घोडागाड्या आणि माणसं आली तशी पुसली गेली. उरला एकच पठ्ठ्या, बुटाला पॉलिश करून घेत एका जागी उभा असलेला. फोटोत आलेला पहिला माणूस म्हणतात तो हाच. आपला फोटो निघतोय, याचा त्याला पत्ताही नसावा.

थापेबाजीही लगोलग सुरू झाली. फोटोग्राफीच्या शोधाचं सगळं श्रेय दागेरला गेलं म्हणून रुसलेल्या हिपोलित बायारने १८४० मध्ये चक्क बुडून मेल्याचं सोंग घेऊन स्वतःचा फोटो काढला. वर मागच्या बाजूला लिहिलं, हे प्रेत बायारचं.

आपले दादासाहेब फाळके मात्र रुसणारे नव्हते. सिनेमे बघून बघून डोळे अधू झाले, ते बरे झाल्यावर १९१२ मध्ये त्यांनी कॅमेरा रोखला तो कुंडीतल्या वाटाण्यावर. रोज थोडं थोडं चित्रण, असं महिनाभर. पडद्यावर तोच कोंब सरसर वर आला आणि सावकाराची थैली सुटली. ‘राजा हरिश्चंद्र’च्या भांडवलाची सुरुवात अशी एका वाटाण्यापासून झाली.

आणि होमाई व्यारावाला! मुंबईच्या जे.जे.त शिकलेली, साडी नेसून बातम्यांचे फोटो काढणारी देशातली पहिली बाई. सुरुवातीला तिचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून येत. पुढे तिने टोपणनाव घेतलं ‘डालडा १३’. जन्म १९१३चा, नवरा भेटला तेराव्या वर्षी, आणि पहिल्या गाडीचा नंबर डीएलडी १३. नंबरप्लेट सगळेच वाचतात. तिला त्यात तुपाचा डबा दिसला.