विमान स्क्रू
लहान विमानाची आच्छादने, तपासणीची झाकणे, काचा, एंजिनावरील कवच इ. भाग जागी धरून ठेवणारे प्रमाणित स्क्रू. देखभालीच्या वेळी ते पुनःपुन्हा काढावे लागत असल्याने टोपीवरील खाच व आटे झिजतात आणि नवे स्क्रू घालावे लागतात. बदली स्क्रू विमानाच्या सुट्या भागांच्या सचित्र सूचीतील क्रमांकावरून निवडतात. सेसना १७२ सारख्या अमेरिकन विमानांत हा क्रमांक बहुधा एएन, एमएस किंवा एनएएस या अक्षरांनी सुरू होतो.

भार वाहणारे स्क्रू उष्णता-संस्कारित मिश्रपोलादाचे असून त्यांचे ताणबल दर चौ. सेंमी.स सु. ८,८०० किग्रॅ. असते. त्यांच्या दांड्याचा बिनआट्याचा भाग जोडावयाच्या पत्र्यांच्या जाडीइतका असतो, म्हणजे आटे छिद्रात येत नाहीत. केवळ झाकणासाठी असलेले स्क्रू बरेच दुर्बल असतात. परंतु बसविल्यावर दोन्हींच्या टोप्या सारख्याच दिसतात. पत्र्यात बुडणाऱ्या टोपीचा कोन विमानात सामान्यतः १००° असतो, तर बाजारातील अमेरिकन स्क्रूचा ८२° व मेट्रिक स्क्रूचा ९०° असतो. असा स्क्रू घातल्यास टोपी सर्वत्र न टेकता भार एका अरुंद कड्यावर येतो.

अगंज पोलादाचे स्क्रू टिकाऊ म्हणून मालकांना आवडतात. झाकणांसाठी ते चालतात. मात्र नेहमीच्या प्रकारांचे ताणबल मिश्रपोलादाहून कमी असल्याने भाराच्या जागी ते घालू नयेत. शिवाय दमट, खाऱ्या हवेत त्यांच्याभोवतीचे ॲल्युमिनियम गंजते. कॅडमियमाचा मुलामा दिलेल्या पोलादी स्क्रूने हा धोका कमी होतो. होकायंत्राजवळ पितळेचे किंवा इतर अचुंबकी स्क्रू लागतात.

जुना स्क्रू पाहून त्याच्यासारखा नवा शोधणे ही सर्वांत घातक सवय होय. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची समोरील काच सु. ५,३०० मी. उंचीवर निखळली व वैमानिक कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्टनला उतरविले आणि तो वाचला. काच बसविताना सूची न पाहता जुन्या बोल्टशी तुलना करून नवे निवडले होते. ९० पैकी ८४ बोल्टांचा व्यास सु. ०·६६ मिमी. कमी होता, उरलेले ६ आखूड होते. जुन्या बोल्टांतही बहुतेक सूचीपेक्षा आखूडच होते.

अमेरिकेत लहान प्रमाणित भाग बदलण्यासारखी साधी कामे वैमानिक-मालकास आपल्या खाजगी विमानावर स्वतः करता येतात. परंतु त्यांची नोंद देखभाल-वहीत सहीनिशी करावी लागते.