भावकी की आठवडी बाजार?

लग्नाचे फोटो येतात आणि सून विचारते, "बाबा, तुमचा हा डोळा बारीक का दिसतोय?" साठी उलटलेल्या माणसाची एक पापणी काही महिन्यांपासून जड झालेली असते, पण दुखत-खुपत नसल्यानं कुणी मनावर घेतलेलं नसतं. कधी खालची पापणी ओढल्यावर आत गुलाबी-केशरी मऊ पट्टा दिसतो. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला सॅमन माशाच्या मांसाची उपमा देतात. आपण उकडलेली कोळंबी म्हटलं तरी चालेल.

स्कॅनमध्ये कणकेचा गोळा थापावा तशी डोळ्यामागे, त्याच्या गोलाला लपेटून बसलेली गाठ दिसते. हाड बहुधा शाबूत असतं. शंका लिम्फोमाची, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाची. पण नुसती सूज किंवा आयजीजी-४शी निगडित आजारही हुबेहूब असाच दिसतो.

डोळ्याची खोबण जेमतेम तीस मिलिलिटरची. त्यात डोळा, त्याला फिरवणारे स्नायू, नजरेची नस, सगळं दाटीवाटीनं. खोलवरचा तुकडा काढायचा तर शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणून स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकात इथे बारीक सुई वापरून पाहिली. सोनोग्राफी किंवा सीटीवर नजर ठेवून सुई गाठीत न्यायची, मागे-पुढे हलवायची आणि थेंबभर पेशी ओढून घ्यायच्या. लिम्फोसाइट एकमेकींना धरून राहत नाहीत, त्यामुळे सुईत सहज येतात; तंतुमय, कडक गाठी मात्र हाती काही लागू देत नाहीत.

खरी पंचाईत पुढे, सूक्ष्मदर्शकाखाली होते. इथला सर्वांत जास्त आढळणारा लिम्फोमा माल्ट प्रकारचा, आणि त्याच्या पेशी लहान, शांत, अगदी सभ्य दिसतात. चेहरा पाहून चोर ओळखता येत नाही. विचारायचं ते एवढंच: ही गर्दी आठवडी बाजाराची आहे की एकाच भावकीची? प्रत्येक बी-पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार, कप्पा किंवा लॅम्डा यांपैकी एकच प्रथिन-साखळी बनवते. साध्या सुजेत दोन्ही असतात, ढोबळमानानं दोनास एक. जवळपास सगळ्या पेशी एकाच साखळीच्या निघाल्या तर त्या एकाच मूळ पेशीची पिलावळ, आणि लिम्फोमाची शंका बळावते. ही मोजणी फ्लो सायटोमेट्रीवर होते, त्यासाठी पेशी द्रवात जिवंत पोचाव्या लागतात. म्हणून सगळा नमुना स्लाइडवर फासून संपवला तर निम्मं उत्तर हातचं गेलं. माझ्या मते या तपासणीचं यश सुई टोचणाऱ्याच्या कौशल्याइतकंच थेंबाच्या या वाटणीवर ठरतं.

सुईनं सगळं भागतं असं नाही. पेशी येतात, त्यांची मांडणी येत नाही. नेमका पोटप्रकार ठरवायला पुष्कळदा तुकडाच लागतो. पृष्ठभागावरचा पट्टा असेल तर सुई कशाला, चिमटीभर भाग सरळ काढता येतो. सुईची खरी किंमत आहे ती खोलवरच्या गाठीत आणि आधी लिम्फोमा होऊन गेलेल्या रुग्णात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी सांगायला हवं, कारण खोबणीत रक्तस्राव झाला तर नजरेवर बेतू शकतं.

आणि स्टेरॉइड. नमुना घेण्याआधीच 'सूज' म्हणून ते सुरू झालं तर गाठ विरघळल्यासारखी होते, घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात, सुईत मरगळलेल्या चार पेशी येतात आणि अहवालावर लिहिलं जातं: 'निदानासाठी अपुरा नमुना'. काही महिन्यांनी पापणी पुन्हा जड.