डोकं सर्व्हरचं, चेहरा मॅकचा!

मॅक हवाय, पण खिसा ‘नाही’ म्हणतोय? कंपन्यांनी टाकून दिलेल्या सर्व्हर-वर्कस्टेशनच्या भागांतून ४३ हजारांत उभ्या राहिलेल्या एका ‘हॅकिंटॉश’ची ही गोष्ट. आणि आज तो बनवावा का, याचा रोखठोक हिशेबही.

पगार झाल्यावर पहिल्या शनिवारी मॉलमधल्या त्या चकचकीत दुकानात शिरायचं, मॅकवर दोन बोटं फिरवायची, किमतीची पाटी वाचायची आणि समोरच्या कॅफेत कॉफी पिऊन घरी यायचं. हा कार्यक्रम आपल्यापैकी किती जणांनी केलाय, हात वर करा! हौसेचा मामला असेल तर यात काही बिघडत नाही. पुढच्या बोनसला बघू म्हणायचं आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर दिवस ढकलायचे.

पण मॅकवर कुणाची रोजीरोटी अवलंबून असेल तर?

माझ्या मावसबहिणीची होती. ती डोंबिवलीत राहते आणि लग्नांचे व्हिडीओ एडिट करते. २०२२ संपता संपता एका स्टुडिओने तिला अख्ख्या सीझनचं काम देऊ केलं. अट एकच, सगळे प्रोजेक्ट ‘फायनल कट प्रो’मध्ये हवेत. हे सॉफ्टवेअर तेव्हा चालायचं फक्त मॅकवर. ते तिने रीतसर विकत घेतलेलं होतं, पण चालवायला हाताशी होता जुना मॅकबुक एअर. चार मिनिटांचं संगीतचं गाणं एक्स्पोर्ट करतानाही तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. तिच्याकडे साठलेले होते ४५ हजार. जानेवारी २०२३ मध्ये आलेला एम२ चिपचा मॅक मिनी सुरू व्हायचा ५९,९०० पासून, तोही ८ जीबी रॅमचा, आणि ती रॅम पुढे वाढवायची सोय नाही.

‘दादा, कर्ज काढू की काम सोडू?’ तिने विचारलं. मी म्हटलं, ‘तिसरा रस्ता आहे. जरा खडबडीत आहे, पण आहे.’

हे हॅकिंटॉश प्रकरण काय आहे?

जून २००५ मध्ये अ‍ॅपलने जाहीर केलं की यापुढे मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर असतील. २००६च्या जानेवारीत तसे मॅक बाजारात आलेही. म्हणजे आतून मॅक आणि तुमच्या-आमच्या पीसीचं हाडामांसाचं नातं जुळलं. मग जगभरच्या उपद्व्यापी मंडळींनी प्रश्न विचारला, आतले भाग तेच असतील तर मॅकची सिस्टिम आमच्या पीसीवर का चालू नये?

अ‍ॅपलला हे अपेक्षित असणारच. इंटेल मॅकमध्ये ‘एसएमसी’ नावाची एक चिप असते आणि मॅकओएस सुरू होताना तिच्यातली खूण तपासते. हे काम करणाऱ्या फाइलचं नावच आहे ‘डोण्ट स्टील मॅक ओएस एक्स’! आता बोला.

हॅकिंटॉशमध्ये ही चिप नसते, म्हणून तिचं सोंग घेणारं एक छोटं सॉफ्टवेअर वापरतात. ते आणि त्याच्यासारखे बाकीचे जोड देण्याचं काम करतो ‘ओपनकोअर’ हा बूटलोडर. पीसीचं फर्मवेअर आणि मॅकओएस यांच्यामध्ये तो दुभाष्यासारखा बसतो. मॅकओएसला सांगतो, ‘समोर आयमॅक प्रो आहे हं, काळजी नको.’ मुख्य म्हणजे मॅकओएसच्या मूळ फाइल्सना तो हात लावत नाही. जे काही बदल करायचे ते सुरू होताना, मेमरीत.

सर्व्हरच का?

आता खरी गंमत. मोठ्या कंपन्या सर्व्हर आणि वर्कस्टेशन ठरावीक वर्षांनी बदलतात. वॉरंटी संपते, लीज संपतं, नवी यंत्रं तेवढ्याच विजेत जास्त काम करतात. जुनी बिघडलेली नसतात, फक्त हिशेबातून उतरलेली असतात. मग ती लॉटने विकली जातात आणि भाव कोसळतात.

इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४ घ्या. २०१६ मध्ये आला तेव्हा त्याची यादीतली किंमत होती १,७४५ डॉलर. १४ कोअर, २८ थ्रेड, ३५ एमबी कॅश. सात वर्षांनी मला तो मिळाला २,६०० रुपयांना! एका बऱ्या हॉटेलातल्या चौघांच्या जेवणाच्या बिलात.

रॅमचंही तेच. सर्व्हरची ‘रजिस्टर्ड ईसीसी’ रॅम साध्या डेस्कटॉप बोर्डवर चालतच नाही. त्यामुळे तिला गिऱ्हाईक कमी आणि भाव पडलेला. तुमच्याकडे ती पचवणारा बोर्ड असला की तीच रॅम सोनं!

झिऑनला आणखी एक कारण आहे. अ‍ॅपलने स्वतः २०१७च्या आयमॅक प्रोमध्ये झिऑनच वापरला होता. या जातीच्या झिऑनमध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे व्हिडीओ एन्कोडिंगचं कामही मॅकओएस एएमडीच्या कार्डावर टाकतं. म्हणून आपल्या झिऑनला आयमॅक प्रोचा मुखवटा बरोबर बसतो.

फक्त पिढी बघून घ्यायची. झिऑनच्या नावातलं ‘व्ही२’ आणि ‘व्ही३’ दिसायला सख्खे भाऊ. पण व्ही२ मध्ये ‘एव्हीएक्स२’ या सूचना नाहीत आणि २०२२च्या मॅकओएस व्हेंचुरापासून त्या लागतात. व्ही३च्या पुढचंच घ्यायचं ते एवढ्यासाठी.

लॅमिंग्टन रोडची वारी

ग्रँट रोड स्टेशनला उतरून डॉ. भडकमकर मार्ग विचारलात तर चार जण डोकं खाजवतील. लॅमिंग्टन रोड विचारा, आंधळाही नेऊन सोडेल! मुंबईच्या कॉम्प्युटरवाल्यांची ही पंढरी. वर नव्या लॅपटॉपच्या पाट्या आणि आतल्या गल्ल्यांत, जिन्याखालच्या गाळ्यांत जुना माल.

आम्ही पाया म्हणून निवडलं लीजवरून सुटलेलं एचपी झेड४४० वर्कस्टेशन. बोर्ड, ७०० वॉटचा पॉवर सप्लाय, दणकट केस, सगळं एकत्र. पुन्हा हा बोर्ड सर्व्हरची रॅम घेतो आणि बायोस अपडेट केलं की व्ही४ झिऑनही. रॅम मागितल्यावर दुकानदाराने मला आपादमस्तक न्याहाळलं. ‘बॉस, ये सर्व्हर की है. नॉर्मल बोर्डपे नहीं चलेगी. बादमें वापस नहीं लूंगा.’ मी म्हटलं, ‘मालूम है शेठ.’ त्या एका वाक्याने भाव शंभराने उतरला.

ग्राफिक्स कार्डाची कथा वेगळीच. एनव्हिडियाच्या नव्या कार्डांना मॅकओएसमध्ये जागा नाही, एएमडीचंच हवं. नशीब असं की सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि कार्डं जुंपून त्याचं मायनिंग करण्याचा धंदा एका दिवसात बसला. रात्रंदिवस राबलेली हजारो कार्डं सेकण्डहॅण्ड बाजारात आली. त्यातलंच एक आरएक्स ५८० आम्ही घेतलं. आधी दुकानातच अर्धा तास ताणून पाहिलं, मगच पैसे मोजले.

तर हे आमचं २०२३ मधलं बिल:

- वर्कस्टेशन: १९,५०० रु.
- झिऑन ई५-२६८० व्ही४: २,६०० रु.
- सर्व्हर रॅम, १६ जीबीच्या चार पट्ट्या: ५,६०० रु.
- आरएक्स ५८०, ८ जीबी: ७,२०० रु.
- ५०० जीबीची नवी एसएसडी: ३,००० रु.
- २ टीबीची नवी हार्ड डिस्क: ४,३०० रु.
- थर्मल पेस्ट, केबल, किरकोळ: ९०० रु.

एकूण ४३,१०० रुपये. मॉनिटर तिच्याकडे होताच. एसएसडी आणि हार्ड डिस्क मात्र नव्याच घेतल्या. प्रोसेसर आणि रॅम सहसा झिजत नाहीत, डिस्क झिजते. लोकांच्या लग्नाचं शूटिंग पुन्हा होत नसतं!

तीन रात्रींचा गोंधळ

जोडणीला एक दुपार पुरली. पहिल्याच तपासणीत रॅमची एक पट्टी मुकी निघाली. टेस्टिंग वॉरंटी होती, दुसऱ्या दिवशी बदलून मिळाली. कार्डाला लागते ८ पिनांची वीजजोडणी आणि वर्कस्टेशनमधून निघतात ६ पिनांच्या. त्यासाठी चांगल्या प्रतीची कन्व्हर्टर केबल लागते. इथे पन्नास रुपये वाचवायला जाऊ नये.

खरा कस लागला सॉफ्टवेअरमध्ये. मॅकओएसचा इन्स्टॉलर थेट अ‍ॅपलच्या सर्व्हरवरून उतरवला. कुणीतरी तयार करून दिलेल्या ‘रेडिमेड’ प्रती वाटेल तिथे मिळतात, पण त्यात कोणी काय कालवलंय हे देव जाणे. ओपनकोअर पेन ड्राइव्हवर घातलं. मग त्याची सेटिंगची फाइल हाताने भरायची. शेकडो नोंदी, आणि एक जरी चुकली तरी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येऊन जी थांबतात ती थांबतातच.

त्या अक्षरांतही तथ्य असतं बरं का. उदाहरणार्थ, १४ कोअर म्हणजे १४ घड्याळं समजा. सर्व्हरजातीच्या बोर्डांवर या सगळ्यांची वेळ जुळलेली असतेच असं नाही. मॅकओएसला ते चालत नाही. मशीन सुरू होतं, पण गोगलगाय होतं किंवा अडकून पडतं. त्यासाठी ही घड्याळं जुळवणारं चिमुकलं एक्स्टेन्शन घालावं लागतं. आणखी दोन-तीन छोटे तक्ते, ज्यात बोर्डाची माहिती मॅकओएसला रुचेल अशा शब्दांत लिहिलेली असते. तिसऱ्या रात्री पावणेदोनला व्हेंचुराचा केशरी पडदा उजळला. मावशी उठून म्हणाली, ‘झालं का रे बाबा? झोपा आता.’

पास की नापास?

पास! जुन्या एअरवर तासभर खाणारं एक्स्पोर्ट इथे पंधरा मिनिटांच्या आत संपायला लागलं. ६४ जीबी रॅममुळे दोन कॅमेऱ्यांचं फोरके शूटिंग एकाच वेळी पळू लागलं. फेब्रुवारी ते मे, बहिणीने सगळी लग्नं वेळेवर दिली.

पण नवरा मुलगा कितीही गुणी असला तरी खोडी असतेच. हे मशीन स्लीपमधून कधी धड उठलं नाही, रोज सरळ बंदच करायचं. एअरड्रॉप नव्हता. वायफायच्या फंदात आम्ही पडलो नाही, केबल लावली. पुढे २०२३च्या मॅकओएस सोनोमाने हॅकिंटॉशवाल्यांच्या आवडत्या ब्रॉडकॉम वायफाय कार्डांचा आधार काढून घेतला, तेव्हा ही केबलच कामी आली. कुठलाही अपडेट आला की आधी दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत, मगच बटण. आणि वीज? एक्स्पोर्ट करताना मीटरवर २६० वॉट दिसायचे. रोज आठ तास असं काम म्हणजे दोन युनिट, महिन्याच्या २५ दिवसांना ५० युनिट.

कायद्याचं काय?

आडपडदा न ठेवता सांगतो. मॅकओएसच्या करारात लिहिलेलं आहे की ती फक्त अ‍ॅपलच्याच कॉम्प्युटरवर बसवायची. म्हणजे हॅकिंटॉश हा करारभंग. फ्लोरिडातल्या सायस्टार या कंपनीने २००८ मध्ये असे तयार कॉम्प्युटर विकायला काढले. अ‍ॅपलने कोर्टात खेचलं, २००९ मध्ये निकाल अ‍ॅपलच्या बाजूने लागला आणि २०११ मध्ये अपिलातही तोच कायम राहिला. घरी शिकण्यासाठी खटपट करणं वेगळं आणि बनवून विकणं वेगळं. ऑफिसात तर असलं मशीन नेऊच नका. आयटीवाले आणि वकील, दोघांची एकदम ओळख होईल!

मग आज बनवायचा का?

धंद्यासाठी बनवणार असाल तर माझं उत्तर सरळ ‘नाही’. अ‍ॅपलने २०२० मध्ये स्वतःच्या चिपकडे मोर्चा वळवला आणि २०२५ मध्ये आलेली ‘टाहो’ ही इंटेलवर चालणारी शेवटची मॅकओएस असल्याचं जाहीर केलं. हॅकिंटॉशचा रस्ता तिथे संपतो. शिवाय २०२४च्या अखेरीस एम४ चिपचा मॅक मिनी आला तो ५९,९०० रुपयांत १६ जीबी रॅम घेऊन. विजेला तो चिमणीएवढा आणि कामाला ढाण्या वाघ. २०२३ मध्ये आमचं गणित जमलं कारण खिशात ४५ हजार होते आणि काम दारात उभं होतं. ते गणित आज तसंच्या तसं उतरवून घेऊ नका.

शिकण्यासाठी मात्र जरूर करा. कॉम्प्युटर सुरू होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मला दहा वर्षांच्या नोकरीपेक्षा त्या तीन रात्रींनी जास्त शिकवलं. आणि पैसे वाया जातील ही भीती नको. मॅकओएस गेली तरी मशीन जात नाही. बहिणीने गेल्या वर्षी स्वतःच्या कमाईतून मॅक मिनी घेतला, हप्त्याशिवाय! तो जुना झिऑन आता लिनक्सवर चालतो, कोपऱ्यात बसून तिच्या सगळ्या शूटिंगचा बॅकअप सांभाळतो. ईसीसी रॅमचा खरा उपयोग तोच की!

सर्व्हर होता, मॅक झाला, पुन्हा सर्व्हर झाला. रिटायर झालेल्याने आणखी किती काम करावं?

खरेदीला जाण्यापूर्वी

- झिऑनच्या नावापुढचं ‘व्ही’ वाचा. व्ही३ किंवा व्ही४च घ्या.
- बोर्ड रजिस्टर्ड रॅम घेतो का, हे आधी खात्रीने माहीत करून घ्या. सारख्या दिसणाऱ्या मॉडेल्समध्येही फरक असतो.
- मायनिंगमधून सुटलेलं कार्ड दुकानातच चालवून बघा. पंखे ऐका.
- टेस्टिंग वॉरंटी किती दिवसांची, हे बिलावर लिहून घ्या.
- घरी आल्यावर रॅमची तपासणी रात्रभर चालू द्या.
- वरचे भाव २०२३चे आहेत. रॅमचे भाव चढ-उतार करतात, चार दुकानं फिरूनच बोला.