खाज हा शत्रू नव्हे

नांदेडहून लोहा, अहमदपूर करीत लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसे खेडे आहे. तिथली एक बाई पहाटेची एस.टी. धरून माझ्या दवाखान्यात आली होती. सोबत दहा-अकरा वर्षांचा मुलगा. चार दिवसांपासून सकाळी उठला की त्याचा चेहरा सुजलेला असे आणि लघवी कोऱ्या चहासारखी होत असे. "डॉक्टरसाहेब, लेकराची खाज तर मोडली होती, मग तोंड काहून सुजायलंय?" तिने विचारले आणि पिशवीतून मलमाच्या चार सपाट झालेल्या नळ्या काढून टेबलावर ठेवल्या.

मुलगा वसतिगृहात राहणारा. सुटीत घरी आला तो खरूज घेऊनच. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले ते मलम स्टेरॉइडचे होते. त्याने खाज थांबली, खरूज थांबली नाही. बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेभोवती फोड पुवाळले होते आणि त्याची झळ मूत्रपिंडांपर्यंत पोचली होती. मुलाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने तो बरा झाला. पण त्या माउलीचा प्रश्न माझ्या मनातून जाईना. खाज गेली म्हणजे रोग गेला, ही समजूत तिची एकटीची नाही, आपल्या सगळ्यांचीच आहे. ती चुकीची का, हे समजून घ्यायचे तर आपल्या कातडीखाली काय चालते ते पाहायला हवे.

खरजेचा किडा हा कोळी आणि गोचीड यांच्या कुळातला, आठ पायांचा. मादीची लांबी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत थरात ती बीळ कोरते आणि रोज दोन-तीन अंडी घालीत महिना-दीड महिना जगते. इटलीतल्या बोनोमो आणि चेस्तोनी या दोघांनी १६८७ साली सूक्ष्मदर्शकाखाली हा किडा पाहून त्याचा खरजेशी संबंध जोडला. अंगभर खाजवणाऱ्या माणसाच्या शरीरावर असे किडे किती असतात? बहुतेक वेळा अवघे दहा-पंधरा! मग सगळ्या अंगाची आग का होते?

कारण खाज किडा चावल्याची नसतेच. ती आपल्या शरीराने सुरू केलेल्या लढाईची खूण असते. कातडीत काही पहारेकरी पेशी असतात. पॉल लांगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने १८६८ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना त्याचेच नाव आहे. किड्याची लाळ, विष्ठा, अंड्यांची टरफले यांचे अंश या पेशी उचलतात आणि काखेतल्या, जांघेतल्या गाठींकडे नेतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, त्याच या गाठी. तिथे पांढऱ्या पेशींना शत्रूची ओळख पटते. त्यांची संख्या वाढते आणि त्या किड्याच्या दिशेने निघतात. सोबत खास प्रतिद्रव्ये तयार होतात. ती कातडीतल्या दुसऱ्या पेशींवर जाऊन बसतात आणि किड्याचा अंश भेटताच त्या पेशी फुटून हिस्टामिन सोडतात. मग कंड सुटतो. जंतूंना पांढऱ्या पेशी गिळू शकतात, पण किडा त्यांच्या मानाने डोंगराएवढा. म्हणून इओसिनोफिल नावाच्या पेशी त्याच्याभोवती जमतात आणि आपल्यातली विषारी द्रव्ये बाहेर ओततात.

हे सैन्य जमायला वेळ लागतो. पहिल्यांदा खरूज झालेल्या माणसाला खाज सुटते ती चार ते सहा आठवड्यांनी. तोवर तो निर्धास्तपणे घरभर किडे वाटत असतो. दुसऱ्यांदा लागण झाली, तर मात्र एक-दोन दिवसांतच खाज सुटते, कारण शरीराला शत्रू आठवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ पासून, केनेथ मेलनबी या शास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे स्वयंसेवकांवर याचे प्रयोग केले. युद्धात लढायला विवेकबुद्धीने नकार दिलेली ही माणसे. त्यांनी आपल्या अंगावर खरूज वाढू दिली. सुरुवातीला किडे वाढत गेले, पुढे शरीर पेटून उठल्यावर घटू लागले. बरे झाल्यावर पुन्हा लागण करायचा प्रयत्न केला, तेव्हा अनेकांच्या अंगावर किडे टिकेनात. कोरी करकरीत नसली तरी प्रतिकारशक्ती होती.

ती नसेल तर काय होते, हे नॉर्वेतल्या दानिएलसन आणि बेक यांनी १८४८ साली लिहून ठेवले. महारोग्यांच्या अंगावर त्यांना खरजेचे जाड पापुद्रे दिसले. अशा रोग्याच्या अंगावर किडे दहा-पंधरा नसतात, हजारोंनी, कधी लाखांनी असतात. आणि गंमत अशी की अशा माणसाला अनेकदा खाज फारशी नसते! स्टेरॉइडचे मलम दिवसेंदिवस चोळणारा माणूस हीच अवस्था आपल्या हाताने ओढवून घेत असतो. चोर घरात असताना कुत्र्याच्या तोंडाला मुसके बांधावे, तसे ते आहे. भुंकणे थांबते, चोरी चालूच राहते.

किडाही गप्प बसत नाही. आपल्या रक्तात जंतूंच्या अंगाला भोके पाडणारी काही प्रथिने असतात. किडा त्यांना निकामी करणारे पदार्थ सोडतो. त्याचा जीव वाचतोच, पण खाजवून झालेल्या ओरखड्यांत शिरणाऱ्या जंतूंचेही फावते. फोड पुवाळतात. त्यातल्या काही जंतूंविरुद्ध शरीराने केलेली प्रतिद्रव्ये दोन-तीन आठवड्यांनी मूत्रपिंडांत अडकून तिथे दाह निर्माण करतात. त्या मुलाचे तोंड सुजले ते यामुळे.

सहावीत असताना मलाही वसतिगृहात खरूज झाली होती. मला वेगळ्या चटईवर बसवीत, माठाला हात लावू देत नसत. "अंघोळ करीत नाही, म्हणून झालं," असे सगळे म्हणत. मी रोज दोनदा अंग घासायचो, रडायचो, आणि खाज काही जात नसे. ती जाणार कशी? बिळातला किडा अंघोळीने धुतला जात नाही. खरूज घाणीने होत नाही, ती कातडीला कातडी लागून, एका वाकळीत दाटीने निजून होते. पाणी कमी पडले की ओरखडे आणि कपडे धुतले जात नाहीत, फोड चिघळतात, हे मात्र खरे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली, तो उन्हाळा वाचकांना आठवत असेल. अशा दिवसांत स्वच्छतेचा उपदेश कुणाला आणि कसा करायचा?

इथे मला नारूची आठवण होते. पायऱ्यांच्या विहिरीतले पाणी पिऊन पोटात गेलेला नारू वर्षभर शरीराच्या पहारेकऱ्यांना चकवीत असे आणि मग पायातून बाहेर पडत असे. एकदा होऊन गेला तरी पुन्हा होई, कारण शरीर त्याच्याविरुद्ध काही शिकतच नसे. त्यावर लस नव्हती. तरीही पाणी गाळून, विहिरी बदलून भारतातून तो गेला. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला. महाराष्ट्रही त्या पछाडलेल्या राज्यांपैकी एक होता. शरीर जिथे हरले तिथे गाव जिंकले. खरजेत तर शरीर निम्मी लढाई लढतेच. उरलेली निम्मी घराने लढायची आहे. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले आहे.

करायचे ते फार नाही. डॉक्टरांना दाखवून परमेथ्रिनचे मलम घ्यावे. खाज असो वा नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावावे, आठवड्याने पुन्हा लावावे. काहींना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देतात. या औषधाच्या शोधाला २०१५ चे नोबेल मिळाले. गरोदर बाया आणि लहान मुले यांनी कोणतेही औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. कपडे उकळायला पाणी नसेल, तर कपडे-वाकळा पोत्यात बांधून आठवडाभर ठेवाव्यात. माणसाच्या अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. आणि औषधानंतरही दोन-चार आठवडे खाज राहिली, तर घाबरू नये. किडे मेले तरी त्यांचे अवशेष कातडीत असतात, आणि पांढऱ्या पेशी ते साफ करीत असतात.

त्या माउलीला मी हे सगळे सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजे खाजवत होतं तवा लेकराचं अंग भांडत होतं म्हणा की." इतकी वर्षे दवाखाना चालवून मला ते इतक्या थोडक्यात सांगता आले नव्हते. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा मुलाच्या तोंडावर सूज नव्हती, आणि बरोबर घरातली सातही माणसे होती.