पोटावर खूण न ठेवणारी शस्त्रक्रिया

गर्भपिशवीचं तोंड जेमतेम साडेतीन-चार सेंटिमीटर लांब. त्यात स्नायू थोडा, बहुतेक भाग कोलॅजनच्या चिवट तंतूंचा. वर बाळ, वार आणि पाणी मिळून चार-साडेचार किलोंचा भार असतानाही हे तोंड महिनोन्महिने घट्ट मिटलेलं राहतं. शेवटच्या आठवड्यांत तेच तंतू पाणी धरून मऊ होतात आणि कळा सुरू झाल्या की काही तासांत दहा सेंटिमीटर उघडतात. मिटून राहायचं आणि नेमक्या वेळी उघडायचं, ही दोन्ही कामं एकाच ऊतीची. मला शरीरात याहून थक्क करणारं फार काही दिसत नाही.

या वाटेने, पोटाला हात न लावता, आता कितीतरी शस्त्रक्रिया होतात. मग पुढच्या बाळंतपणात त्या आडव्या येतात का? याचं उत्तर शोधताना पहिलं नाव आपल्याच भागातलं भेटतं. विरारहून पश्चिम रेल्वेने मुंबई सेंट्रलला उतरलं की भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज फार लांब नाही. गोव्यातल्या शिरोड्यात १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर तिथेच शिकले आणि पुढे तिथेच प्राध्यापक झाले. त्यांच्यापुढे अशा बायका येत, ज्यांचं पोट चौथ्या-पाचव्या महिन्यात खाली व्हायचं. कळा नाहीत, दुखणं नाही. पिशवीचं तोंड गुपचूप उघडायचं आणि वाढतं बाळ हातचं जायचं. एकदा नाही, पुन्हापुन्हा.

शिरोडकरांनी योनिमार्गातून पिशवीच्या तोंडाच्या वरच्या टोकापर्यंत जायचं ठरवलं. पुढच्या बाजूला लहानशी चीर, लघवीची पिशवी हलकेच वर सरकवायची, मागे आणखी एक चीर. मग त्या बाईच्याच मांडीतून काढलेली मजबूत पांढऱ्या आवरणाची पट्टी आतल्या आत, त्वचेखालून गोल फिरवायची आणि परकराची नाडी आवळावी तशी बांधायची. १९५५ साली मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ मासिकात त्यांनी ही पद्धत मांडली. दोनच वर्षांत मेलबर्नच्या इयान मॅकडोनाल्ड यांनी तिचं सोपं रूप काढलं. मांडीतल्या पट्टीची जागा पुढे कृत्रिम धाग्याने घेतली, पण ‘शिरोडकर टाका’ हे नाव जगभर राहिलं. शिरोडकरांना १९७१ साली पद्मविभूषण मिळालं.

साधारण छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात टाका काढला की बहुतेक जणींना नेहमीसारखी नॉर्मल डिलिव्हरी होऊ शकते. कित्येक आठवडे आवळून ठेवलेलं तोंड पुन्हा आपल्या वेळेला उघडतं!

सगळ्याच शस्त्रक्रिया मात्र आधार देत नाहीत. पिशवीच्या तोंडावरचा, कॅन्सरच्या आधीचा बिघडलेला भाग विजेच्या बारीक तारेने कापून काढतात, त्याला लीप म्हणतात. जीव वाचवणारं काम आहे ते, टाळू नये. पण तो तुकडा तोंडाचाच असतो. त्याबरोबर दाट चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथीही जातात, आणि हाच स्राव जंतूंना वर चढू देत नाही. तुकडा जितका खोल, विशेषतः एक सेंटिमीटरहून जास्त, तितका पुढे वेळेआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. बहुतेक जणी तरीही पूर्ण दिवस भरून बाळंत होतात. क्वचित व्रण आखडतो आणि कळा येऊनही तोंड हळूहळू उघडतं.

दुर्बीण घालून पिशवीतला पडदा कापणं किंवा आतल्या बाजूला वाढलेली गाठ काढणं वेगळं. पोटातून गाठ काढताना पिशवीच्या भिंतीवर खोल व्रण राहू शकतो, त्यामुळे पुढे बऱ्याचदा सीझर सुचवतात. आतून काढली तर सहसा तेवढ्यासाठी सीझर लागत नाही. पण काप भिंतीत फार खोल गेला असेल किंवा ऑपरेशनच्या वेळी तिला भोक पडलं असेल, तर कळांच्या वेळी ती फाटण्याची दुर्मीळ भीती असते. वारंवार ‘पिशवी साफ’ केल्याने आतल्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात. मग दिवस राहायला अडचण येते, किंवा वार नको तितकी खोल रुजते.

यातलं बरंच काही आधी कळू शकतं. अठरा ते चोवीस आठवड्यांदरम्यान योनिमार्गातून सोनोग्राफी करतात. पडद्यावर करड्या रंगात तोंडाची रेघ दिसते, डॉक्टर तिच्या दोन्ही टोकांना खूण लावतात आणि आकडा उमटतो. पंचवीस मिलिमीटरहून कमी भरला तर प्रोजेस्टेरॉन किंवा टाका यांचा विचार करायला वेळ मिळतो. शिरोडकरांच्या काळात बोटांनी चाचपून अंदाज करावा लागे.

वसई-विरारमध्ये अडचण वेगळीच होते. ऑपरेशन मुंबईत, नावनोंदणी नालासोपाऱ्यात आणि पहिलं बाळंतपण माहेरी, वाड्याला किंवा कोकणात. पोटावर एकही टाका नसल्याने ‘ऑपरेशन झालंय का?’ या प्रश्नाला बाई सहज ‘नाही’ म्हणते. लग्नाआधीचं किंवा कोणाला न सांगितलेलं असेल तर सासूसमोर तोंड उघडणं आणखी कठीण. म्हणून डॉक्टर-नर्सनी हा प्रश्न तिला एकटीला विचारावा. आणि तुम्ही दिवस राहिलेल्या असाल, तर खालून झालेली प्रत्येक शस्त्रक्रिया पहिल्याच तपासणीत सांगा, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स माता-बाल कार्डात ठेवा आणि माहेरी जाताना ती सोबत न्या.