दोनाचे चार हात

व्यसनाच्या वाटेस गेलेला मुलगा जरा सावरला, कीं घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस एकच उपाय सुचतो: "आतां याचे दोनाचे चार हात करून टाका, म्हणजे पुन्हां त्या वाटेस जाणार नाहीं!" हा भरंवसा किती फसवा असतो, हें एका पुत्रशोकाकुल पित्याच्या अनुभवावरून आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

उत्तर प्रदेशांतील मोहनलालगंजचे तत्कालीन खासदार श्री. कौशल किशोर यांचा मुलगा मित्रांच्या संगतीनें दारूच्या आहारीं गेला. त्यास व्यसनमुक्ति-केंद्रांत ठेवलें. तो सुधारला असें समजून सहा महिन्यांनीं त्याचें लग्न लावून दिलें. लग्नानंतर तो पुन्हां पिऊं लागला, आणि १९ ऑक्टोबर २०२० रोजीं मरण पावला. मागें तरुण पत्नी व जेमतेम दोन वर्षांचें मूल राहिलें. बाप खासदार, आई आमदार. पण अधिकार तेथें कामास आला नाहीं.

या पित्यानें आपलें दुःख झांकून ठेवलें नाहीं. तो व्यसनमुक्तीच्या प्रचारास लागला. डिसेंबर २०२२ मध्यें, केंद्रांत राज्यमंत्री असतांना, सुलतानपूर जिल्ह्यांतील एका सभेंत स्वतःच्या घरची हकीकत सांगून ते म्हणाले, कीं दारूबाज अधिकाऱ्यापेक्षां रिक्षावाला किंवा मजूर जांवई पत्करला.

पिंपरीकडील आमच्या वाचकांनीं ही गोष्ट परप्रांतांतील म्हणून सोडून देऊं नये. १९५४ सालीं येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, आणि पुढें चाकणपर्यंत कारखाने पसरले. मुलगा रात्रपाळीस जातो, कोवळ्या वयांत पगार हातीं येतो. तो कोणाबरोबर उठतो-बसतो हें घरांत कोणास ठाऊक नसतें. कळलेंच, तर चारचौघांत बोभाटा नको म्हणून दडपलें जातें. स्थळ पाहतांना पत्रिका, गोत्र व पगार यांची कसून चौकशी होते. व्यसनाचा प्रश्न विचारण्याचा मात्र संकोच वाटतो!

व्यसन हा आजार आहे, आणि उलटणें हा त्याचा स्वभाव आहे. केंद्रांतून घरीं आल्यावरही उपचार व देखरेख चालूच ठेवावी लागते. तरीही २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीप्रमाणें दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या ३८ जणांपैकीं एकासच कांहीं उपचार मिळतो. पुण्यास डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं स्थापिलेलें 'मुक्तांगण' जवळच आहे. १४४४६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो.

तेव्हां मुलास आधीं डॉक्टरांकडे न्यावें, आणि तो दीर्घकाळ स्थिर राहिल्यावांचून लग्नाचा विषय काढूं नये. पुढें काढलाच, तर मुलीकडील मंडळींस सर्व खरें सांगावें. सून ही दुसऱ्याच्या घरची लेक आहे. आपल्या मुलावरचें औषध नव्हे.