मावळता सूर्य आणि कोपऱ्यातली माणसे

वडिलांच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका छापायची म्हणून आम्ही उरणला एका छापखान्यात गेलो. मालकाने नमुन्यांची वही पुढे केली. मावळता सूर्य, निष्पर्ण झाड, किनारा सोडून निघालेले गलबत. "दुःखाला हेच चालतं," तो म्हणाला.

वाचकहो, ही चाल जुनी आहे. जर्मन चित्रकार कास्पर डेव्हिड फ्रीडरिख (1774-1840) तेरा वर्षांचा असताना, 1787 मध्ये, त्याचा भाऊ बर्फ फुटून बुडाला. पुढे तो निसर्गचित्रांतूनच शोक मांडत राहिला. 1809-10 च्या एका चित्रात पडका मठ, उघडे-बोडके ओक वृक्ष आणि शवपेटी नेणारे ख्रिस्ती साधू आहेत. साधू अगदी मुंगीएवढे. रडण्याचे काम झाडांकडे सोपवले आहे.

आपल्या घारापुरीलाही अशी नजर लागून गेली. 1793 मध्ये थॉमस आणि विल्यम डॅनियल हे इंग्रज चित्रकार मुंबईस आले. तिथला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याच्यासोबत ते परिसरातील लेणी हिंडले. भग्नावशेष पाहून हळहळण्याची तेव्हा विलायतेत आवडच होती. मोडका खांब म्हणजे सरलेले वैभव, कड्यावरून लोंबणारी वेल म्हणजे काळ. अशा चित्रांत दोन-चार देशी माणसेही असतात, पण ती खांबाची उंची कळावी म्हणून! (वेल्सचा पुण्याचा मदतनीस गंगाराम तांबट याचे नाव तरी उरले, हेच खूप.)

मृत्यूने मात्र चित्रकारालाही सोडले नाही. साष्टीत कान्हेरीची लेणी रेखाटताना वेल्स तापाने पडला आणि नोव्हेंबर 1795 मध्ये वारला. त्याने काढलेली मुंबई व आसपासची बारा दृश्ये 1800 मध्ये, त्याच्या माघारी, प्रसिद्ध झाली.

आमचे वडील जन्मभर मिठागरात राबले. त्यांचा एकच फोटो घरात आहे. कुणीतरी लांबून काढलेला. पांढऱ्या मिठाच्या राशी, वर मोठे आभाळ, आणि कोपऱ्यात फावडे घेतलेला बोटाच्या पेराएवढा माणूस. फोटोवाल्याने तेवढाच भाग मोठा करून दिला. नाक-डोळे पुसट आले. छापखानेवाला म्हणाला, "साहेब, यापेक्षा सूर्य उठून दिसेल."

आईने फोटो हातात घेतला. म्हणाली, "उभं राहणं त्यांचंच आहे. हाच छापा."